नव्या एअर पिस्तुलाची अचूकता तपासताना हाताचा दोष आणि पिस्तुलाचा दोष वेगळा कसा करावा?

खानापूरचा नेमबाज

सर्व जाणकारांना नमस्कार. मी खानापूरजवळच्या एका गावात राहतो आणि सुट्टीच्या दिवशी बेळगावात येऊन 10 मीटर एअर पिस्तुलाचा सराव करतो. आतापर्यंत रेंजवरचे सामाईक पिस्तूल वापरत होतो. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर, बऱ्याच काळाच्या बचतीतून, दाबलेल्या हवेवर चालणारे स्पर्धेचे नवे पिस्तूल घेतले. पेटीत कारखान्याचे चाचणीकार्ड आहे. त्यावर पाच छर्ऱ्यांनी मिळून जेमतेम एकच छिद्र पाडलेले दिसते.

उभ्याने, एका हाताने मारलेले माझे छर्रे मात्र काळ्या भागात बरेच विखुरतात. पाच छर्ऱ्यांचा ग्रुप साधारण 40 मिमीपर्यंत पसरतो. त्यातला मोठा वाटा माझ्या हाताचा आहे, याबद्दल मला शंका नाही. कोडे पडले आहे ते वेगळ्याच गोष्टीचे. सत्र संपत आले की छर्रे उभ्या रेषेत हळूहळू खाली उतरू लागतात, आणि रेंजवरच्या जुन्या पिस्तुलावर असे होत नसे. एक सहकारी सांगतात की नळी अजून बसलेली नाही, हजारभर छर्रे गेल्यावर ती आपोआप सुधारेल. दुसरे छर्ऱ्यांचा डबा बदलायला सांगतात. तिसऱ्यांचे म्हणणे असे की बेळगाव उंचावर असल्यामुळे इथली हवा विरळ आहे आणि परदेशी कारखान्यातले कार्ड इथे लागू पडणार नाही.

पिस्तूल महाग आहे आणि हमीची मुदत चालू आहे. खरोखर दोष असेल तर तो मुदतीतच कळायला हवा. नसेल तर मला शंका बाजूला ठेवून सरावाला लागायचे आहे. घरगुती साधनांनी, पण विश्वास ठेवता येईल अशी चाचणी कशी घ्यावी, हे कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त आर्मरर, कॅम्प

आपला प्रश्न योग्य आहे आणि तो हमीच्या मुदतीत विचारला हे अधिक योग्य आहे. आधी थोडे गणित सांगतो, कारण ते न समजल्यामुळे बहुतेक लोक चुकीच्या ठिकाणी दोष शोधत बसतात.

10 मीटर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहाच्या रिंगणाचा व्यास 11.5 मिमी असतो. छर्ऱ्याची कड रिंगणाला नुसती लागली तरी दहा गुण मिळतात, त्यामुळे छर्ऱ्याचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून 8 मिमीपर्यंत कुठेही पडले तरी चालते. स्पर्धेचे धडधाकट पिस्तूल, त्याला मानवणारा छर्रा असेल तर, केंद्र ते केंद्र काही थोड्याच मिलिमीटरांचा ग्रुप देते. म्हणजे नियमांनी नेमबाजाला जी जागा दिली आहे, तिचा फार थोडा भाग पिस्तूल स्वतः वापरते.

आता महत्त्वाचा मुद्दा. हाताचा पसारा आणि पिस्तुलाचा पसारा यांची सरळ बेरीज होत नाही, कारण दोन्ही एकाच वेळी एकाच दिशेला क्वचितच जातात. दोन्हींचे वर्ग करून बेरीज करावी आणि तिचे वर्गमूळ काढावे, म्हणजे एकूण पसाऱ्याचा अंदाज मिळतो. आपल्या हाताचा पसारा 40 मिमी आणि पिस्तुलाचा 4 मिमी धरला तर एकूण 40.2 मिमी येतो. पिस्तूल तिपटीने वाईट, म्हणजे 12 मिमीचे निघाले, तरी एकूण पसारा 41.8 मिमीच्या आसपास राहतो. हा दीड मिलिमीटरचा फरक उभ्याने मारलेल्या कार्डावर कोणालाही दिसणार नाही. म्हणून हातात धरून पिस्तुलाची परीक्षा होत नाही. चांगले पिस्तूल त्यात चांगले ठरत नाही आणि वाईट पिस्तूल पकडले जात नाही. आधी हात बाजूला काढावा लागतो.

त्यासाठी पिस्तूल पक्क्या मेजावर व्हाइसमध्ये, म्हणजे स्क्रूने आवळायच्या लोखंडी शिकंजात, बांधावे. मेज हलता कामा नये. छर्रा सुटण्याच्या जागेपासून लक्ष्यापर्यंतचे अंतर दोरीने न मोजता टेपने मोजून 10 मीटर करावे. बांधलेल्या पिस्तुलाचे छर्रे कार्डावर नेमके कुठे पडतात याची काळजी करू नये. दोन किंवा तीनच्या रिंगणात पडले तरी हरकत नाही, फक्त ते एकमेकांपासून किती दूर पडतात एवढेच पाहायचे. प्रत्येक कार्डावर पाचच छर्रे मारावेत आणि अशी बरीच कार्डे करावीत. एका ग्रुपवर निर्णय देऊ नये, कारण त्याच पिस्तुलाचे, त्याच डब्यातल्या छर्ऱ्यांचे दोन ग्रुप निव्वळ योगायोगाने एकमेकांच्या दीडपट निघू शकतात. सगळ्या कार्डांची सरासरी घ्यावी. जो ग्रुप वाईट आला तो 'चुकून आला' म्हणून बाजूला टाकण्याचा मोह फार होतो. तो टाळावा, नाहीतर ती चाचणी राहत नाही. शिवाय पाच छर्ऱ्यांच्या ग्रुपची तुलना दहा छर्ऱ्यांच्या ग्रुपशी करू नये. पिस्तुलात काहीही बदल न होता दहाचा ग्रुप पाचाच्या ग्रुपपेक्षा सरासरीने सुमारे पाव पट मोठा येतो. कारखान्याचे कार्ड पाच छर्ऱ्यांचे असल्यामुळे आपणही पाचच मारावेत.

मोजण्याची रीत अशी: सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर व्हर्नियरने घ्यावे आणि त्यातून एका छिद्राची रुंदी वजा करावी. येथे अनेकजण डोळे झाकून 4.5 मिमी वजा करतात. परंतु कागदातले छिद्र छर्रा गेल्यावर थोडे आकसते, त्यामुळे त्याच कार्डाच्या कोपऱ्यात एकटा छर्रा मारून त्याचे छिद्र मोजावे आणि तेवढेच वजा करावे. आपल्या भागात जून ते सप्टेंबर कागद ओलसर राहतो आणि छिद्राच्या कडा फाटतात. खानापूरहून येताना कार्डे घट्ट झाकणाच्या डब्यात आणावीत आणि कार्डामागे जाड पुठ्ठा लावावा. साध्या वहीच्या कागदावर ही मोजणी होत नाही.

उंचीबद्दलची शंका सोडून द्यावी. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटरवर आहे. दहा मीटरच्या अंतरात त्याचा परिणाम मोजण्याइतका नसतो आणि ग्रुपच्या आकाराशी तर त्याचा संबंधच नाही. नळी 'बसण्याची' गोष्टही अर्धीच खरी आहे. नव्या नळीत गंज लागू नये म्हणून कारखान्याने तेलाचा पातळ थर दिलेला असतो, आणि तो निघेपर्यंत सुरुवातीचे छर्रे थोडे भरकटतात. नळीच्या मापाचे कोरडे फेल्टचे तुकडे काही वेळा आरपार काढले की तो थर जातो. शिशाचा मऊ छर्रा पोलादी नळीला घासून सुधारेल, या आशेवर हमीची मुदत घालवू नये.

निपाणीची प्रशिक्षिका

आर्मरर काकांचे गणित मला मान्य आहे, परंतु त्यांच्या निष्कर्षाला एक पुरवणी जोडणे मला आवश्यक वाटते. मी कोल्हापूर आणि निपाणी परिसरातल्या मुलामुलींना पिस्तूल शिकवते. व्हाइसच्या चाचणीत उत्तम ठरलेले पिस्तूल हातात आल्यावर वाईट मारते, असे मी अनेकदा पाहिले आहे. कारण व्हाइसला मूठ नसते. लाकडी मूठ तळहाताला जिथे दाबते, मनगट ज्या कोनात लॉक होते, ट्रिगरवर बोटाचे टोक जिथे बसते, यांपैकी काहीही त्या चाचणीत येत नाही.

याचे माप किती मोठे असते ते पाहा. स्पर्धेच्या पिस्तुलात पुढची आणि मागची साईट (नेम धरण्यासाठी नळीवर असलेली पुढची पट्टी आणि मागची खाच) यांच्यात साधारण 31 ते 32 सेंटिमीटर अंतर असते. छर्रा सुटताना पुढची साईट मागच्या खाचेत फक्त 0.1 मिमी एका बाजूला सरकली, तर 10 मीटरवर छर्रा सुमारे 3.2 मिमी बाजूला जातो. ती 1 मिमी सरकली तर छर्रा 32 मिमी, म्हणजे चार रिंगणे, बाहेर जातो. याउलट साईट नीट जुळलेल्या असताना सगळा हातच लक्ष्यावर 10 मिमी डावीकडे हलला, तर छर्राही 10 मिमीच डावीकडे जाईल. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते की हात हलतो याचे वाईट वाटून घेऊ नका, साईट सांभाळा. कार्ड उलटे लावून कोऱ्या पांढऱ्या बाजूवर मारून पाहा. काळे वर्तुळ नसल्यामुळे नजर साईटवरच राहते, आणि पुष्कळदा हा ग्रुप नेहमीच्या ग्रुपपेक्षा लहान येतो. तसा आला, तर तुमचा दोष कुठे आहे ते तुम्हाला कळले.

आता छर्रे खाली उतरण्याविषयी. याची दोन कारणे संभवतात आणि दोन्ही सत्राच्या शेवटीच दिसतात, म्हणून गोंधळ होतो. एक म्हणजे खांदा आणि मनगट थकणे. पुढची साईट नकळत खाली झुकते आणि छर्रे खाली जातात. दुसरे म्हणजे पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरमधला दाब उतरणे. या दोन गोष्टी वेगळ्या करायला व्हाइससुद्धा लागत नाही, फक्त क्रम उलटा करावा लागतो. एखाद्या दिवशी सत्र संपल्यावर सिलिंडर भरू नका. दाबमापकाचा आकडा लिहून ठेवा आणि पुढच्या सत्राची सुरुवात त्याच उतरलेल्या दाबावर, ताज्या हाताने करा. छर्रे तरीही खाली पडले तर दोष हवेचा. ते जागेवर पडले आणि नंतर हात थकल्यावर, भरलेल्या सिलिंडरवरही खाली गेले, तर दोष खांद्याचा. हा प्रयोग आधी करावा, असे मी आग्रहाने सांगेन. व्हाइस जमवणे, मेज आणणे, रेंजची परवानगी घेणे हे सर्व त्यानंतरही करता येईल.

उद्यमबागेतला फिटर

मी नेमबाज नाही. माझी मुलगी एअर पिस्तूल खेळते आणि यंत्रकाम हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे व्हाइस आणि हवा या दोनच गोष्टींवर लिहितो.

व्हाइसच्या लोखंडी जबड्यांत पिस्तूल थेट धरू नये. सागवानाचे दोन ठोकळे पिस्तुलाच्या सांगाड्याच्या आकाराप्रमाणे कोरावेत आणि आतून जाड फेल्ट किंवा चामडे लावावे. लाकडी मूठ काढून तिच्या आतला धातूचा सांगाडा धरावा; माहितीपुस्तिकेत बांधण्याची जागा दाखवलेली असेल तर तीच घ्यावी. नळी कधीही दाबात धरू नये, कारण दाबलेली नळी मोकळ्या नळीसारखी वागत नाही. सिलिंडर तर मुळीच धरू नये. त्यात 200 बार दाबाची हवा असते, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ शंभर पट, आणि त्यावर पडलेला ओरखडाही गंभीर मानला पाहिजे.

एक अडचण जवळजवळ सर्वांना येते. प्रत्येक छर्रा भरताना लिव्हर उघडावा आणि बंद करावा लागतो, आणि त्या धक्क्याने पिस्तूल केसभर हलते. मग जो ग्रुप येतो तो पिस्तुलाचा नसून व्हाइसचा असतो. यावर उपाय असा की समोर एक बारीक उभी आणि एक आडवी रेघ आखून, प्रत्येक छर्ऱ्याआधी साईटमधून ती त्याच जागी दिसते का ते पाहावे. हलली असेल तर स्क्रू घट्ट करून तो ग्रुप नव्याने सुरू करावा. बांधल्यानंतरचे पहिले काही छर्रे पिस्तूल जागेवर बसण्यासाठी मारावेत आणि ते मोजणीत धरू नयेत, पण किती छर्रे सोडायचे हे मारण्यापूर्वी ठरवावे. कार्ड बदलायला पुढे जाताना पिस्तूल रिकामे, लिव्हर उघडा आणि नळीत सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामे असल्याचे दाखवणारी रंगीत दोरी) हवाच. व्हाइसमधले पिस्तूल कायम लक्ष्याकडेच रोखलेले असते, हे गडबडीत विसरायला होते.

आता हवा. छर्रा 150 मीटर प्रतिसेकंद वेगाने निघाला तर 10 मीटर जायला त्याला सुमारे 0.067 सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो गुरुत्वाकर्षणाने जवळजवळ 22 मिमी खाली येतो. साईट लावताना हे अंतर आपण आधीच जमेस धरलेले असते. पण वेग 145 वर उतरला तर छर्रा 23 मिमीहून थोडा अधिक खाली येईल, म्हणजे नेहमीच्या जागेपेक्षा दीड मिलिमीटर खाली. वेग 130 पर्यंत घसरला तर फरक 7 मिमीच्या पुढे जातो, म्हणजे जवळजवळ एक रिंगण. या हिशेबात हवेचा विरोध धरलेला नाही. तो धरला तर आकडे किंचित वाढतील. रेग्युलेटर, म्हणजे प्रत्येक छर्ऱ्याला मिळणाऱ्या हवेचा दाब एकसारखा ठेवणारा भाग, नीट असेल तर सिलिंडरमधला दाब 200 वरून बराच खाली येईपर्यंत वेग जवळजवळ तोच राहायला हवा. पुस्तिकेत दिलेल्या किमान दाबाच्या आधीच छर्रे उतरू लागले, तर रेग्युलेटर संशयास्पद आहे. क्रोनोग्राफ मिळाला तर वेग थेट मोजावा, मात्र तो ट्यूबलाइटखाली ठेवू नये. आपल्या विजेच्या दिव्यांचा प्रकाश सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो आणि प्रकाशावर चालणारी यंत्रे त्यामुळे खोटे आकडे दाखवतात.

शेवटी एक इशारा, जो मी प्रत्येक पालकाला देतो. हातपंपाने हवा भरण्याचा कंटाळा येतो म्हणून काहीजण वेल्डिंगच्या दुकानात सिलिंडर भरून मिळेल का, असे विचारतात. तिथे ऑक्सिजन असतो. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलाचा किंवा ग्रीसचा अंश एकत्र आला की स्फोट होऊ शकतो आणि पिस्तूल धरणाऱ्याचा हात जाऊ शकतो. फक्त कोरडी, शुद्ध हवाच भरावी. हातपंप वापरत असाल तर पावसाळ्यात त्याच्या आत ओलावा शोषणारे दाणे असलेला फिल्टर लावावा, थोडे पंप करून पंप थंड होऊ द्यावा आणि साचलेले पाणी बाहेर सोडावे. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात हवा अक्षरशः ओली असते. ते पाणी सिलिंडरमध्ये गेले की रेग्युलेटर बिघडायला वेळ लागत नाही.

खानापूरचा नेमबाज

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. ताईंनी सांगितलेला उलटा क्रम आधी केला आणि नंतर रेंजच्या परवानगीने व्हाइसची चाचणी घेतली. निष्कर्ष इथे देतो.

उतरलेल्या दाबावर सत्र सुरू केले तेव्हा हात ताजा असूनही छर्रे पहिल्यापासून खाली पडले. सिलिंडर भरून लगेच पुन्हा मारले, तर ग्रुप नेहमीच्या जागी परत वर आला. त्यामुळे थकव्याचा प्रश्न बहुतांशी मिटला.

व्हाइसमध्ये दोन डबे तपासले. दोन्ही एकाच कंपनीचे आणि एकाच वजनाचे छर्रे होते, फक्त एकाच्या डोक्याचे माप 4.49 मिमी आणि दुसऱ्याचे 4.50 मिमी होते. पहिल्याची पाच छर्ऱ्यांच्या ग्रुपची सरासरी केंद्र ते केंद्र 6 मिमीच्या वर आली, दुसऱ्याची 3 मिमीच्या आसपास. मधल्या काळात वीज गेली आणि इन्व्हर्टरच्या मंद दिव्यात काही कार्डे झाली, तरी व्हाइसमध्ये नेम धरायचा नसल्यामुळे त्यात फरक दिसला नाही. हे सर्व भरलेल्या सिलिंडरवर. पुढे दाब उतरत गेला तसे 4.50 च्या छर्ऱ्यांचे ग्रुपही उभे लांब होऊ लागले. आडवा पसारा तेवढाच राहिला आणि उभा मात्र दुपटीहून वाढला. पुस्तिकेत किमान दाब जो दिला आहे त्याच्या बऱ्याच आधी हे सुरू होते. फिटर दादांनी जे लिहिले होते तेच कार्डावर उमटले.

कोऱ्या कार्डावरचा ग्रुप नेहमीपेक्षा स्पष्टपणे लहान आला. ताई, याचा अर्थ माझी नजर काळ्या वर्तुळाकडे जाते, असाच घ्यायचा ना?

आता प्रश्न एवढाच उरतो. जिल्हा पातळीवरची स्पर्धा जवळ आली आहे. पिस्तूल आत्ताच दुरुस्तीला पाठवावे, की स्पर्धेपर्यंत सिलिंडर लवकर लवकर भरून वापरावे आणि नंतर पाठवावे? एका भरण्यात भरपूर छर्रे होतात, त्यामुळे 75 मिनिटांत 60 छर्ऱ्यांची फेरी दाब न उतरता पार पडेल, असे मला वाटते.

निपाणीची प्रशिक्षिका

होय, तोच अर्थ. काळ्या वर्तुळाच्या खाली पांढऱ्या पट्ट्यात नेम धरण्याची जी जागा तुम्ही ठरवली असेल ती थोडी आणखी खाली घ्या, म्हणजे पुढची साईट काळ्यात बुडणार नाही आणि नजर तिच्यावर टिकेल. त्यानंतर साईट नव्याने लावावी लागेल, आणि ती व्हाइसमध्ये लावायची नाही, उभ्याने, स्पर्धेच्या मुद्रेत, 4.50 चे छर्रे घेऊन लावायची. रेंजवरचा प्रकाश बदलला की पुढच्या साईटची वरची कड वेगळी भासते, म्हणून वीज नसताना इन्व्हर्टरवर साईट हलवू नका. लक्ष्यावर किमान 1500 लक्स प्रकाश असावा असा नियम आहे आणि त्याच प्रकाशात लावलेली साईट स्पर्धेत उपयोगी पडते.

छर्ऱ्यांच्या डब्यावरचा बॅच क्रमांक लिहून घ्या आणि शक्य असेल तर त्याच बॅचचे आणखी डबे आताच घेऊन ठेवा. माप तेच असले तरी वेगळ्या बॅचचे छर्रे वेगळे वागतात.

दुरुस्तीच्या प्रश्नावर माझे मत असे आहे की स्पर्धा रेंजवरच्या जुन्या पिस्तुलावर खेळा. तुमचा हात त्याला सरावलेला आहे.

निवृत्त आर्मरर, कॅम्प

मीही हेच म्हणेन. आत्ताच पाठवा. दाब उतरण्याआधी भरत राहिलो तर दोष लपून राहील असे वाटते, पण जो रेग्युलेटर कमी दाबावर ढिला पडला आहे तो उद्या पूर्ण दाबावरही बिघडू शकतो, आणि ते कधी होईल हे आपल्या हातात नाही. 2021 साली टोकियो ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत मनु भाकर यांच्या पिस्तुलाचा लिव्हर ऐन वेळी तुटला आणि दुरुस्तीत त्यांची मोलाची मिनिटे गेली. तेथे सर्व सोयी हाताशी होत्या. आपल्याकडे जिल्हा स्पर्धेत सुटा भाग मिळणार नाही आणि तो बसवणारा माणूसही मिळणार नाही.

पाठवताना नुसते 'छर्रे खाली जातात' असे लिहू नका, नाहीतर नेमबाजाचा दोष समजून ते पिस्तूल तसेच परत येण्याची शक्यता असते. व्हाइसमधली मूळ कार्डे जोडा. प्रत्येक कार्डावर दाबमापकाचा आकडा, छर्ऱ्याचे माप आणि बॅच, आणि तारीख लिहा. भरलेल्या सिलिंडरवरची कार्डे वेगळी आणि उतरलेल्या दाबावरची वेगळी बांधा. सर्व कार्डांचे फोटो स्वतःजवळ ठेवा. सिलिंडर पूर्ण रिकामा करून, पिस्तुलापासून वेगळा करूनच पार्सल करावा, आणि खरेदीच्या बिलाची प्रत सोबत असावी. सिलिंडरवर कोरलेली उत्पादनाची तारीखही याच वेळी पाहून घ्या. बहुतेक उत्पादक दहा वर्षांची मुदत देतात, आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत न वापरण्याची जबाबदारी नेमबाजाची असते.

पिस्तूल परत आल्यावर लाकडी मूठ बसवण्याआधी तीच चाचणी, त्याच बॅचचे छर्रे घेऊन, भरलेल्या आणि उतरलेल्या अशा दोन्ही दाबांवर पुन्हा घ्यावी. त्यानंतर मूठ बसवून ट्रिगरचे वजन तपासावे. नळी सरळ वर रोखून ट्रिगरच्या मध्यावर 500 ग्रॅमचे वजन अडकवावे आणि पिस्तूल सावकाश उचलावे; वजन उचलले गेले आणि ट्रिगर सुटला नाही तर ते नियमात बसते. दुरुस्तीच्या वेळी ट्रिगर उघडला जातो आणि पुन्हा बसवताना तो काही ग्रॅमने हलका राहतो, असे अनेकदा होते. साधने तपासण्याच्या टेबलावर ते लक्षात येण्यापेक्षा घरी लक्षात आलेले बरे. वजन कमी भरले तर ट्रिगरचा स्क्रू फिरवून ते 510 ते 520 ग्रॅमपर्यंत न्यावे आणि मगच साईट लावायला घ्यावी.